भूमध्य समुद्रातला नारळ

माझ्या आई-वडिलांचं जहाज भर समुद्रात उलटं फिरलं, तेव्हा मी मस्कतच्या अल् खुवैर भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मटकीची उसळ खात होतो आणि पूर्णपणे सुरक्षित होतो.

सुरक्षित असणं हा माझा धंदाच आहे. मी ओमानमध्येच, दूर दुक्मला एका प्रोजेक्टवर सेफ्टी ऑफिसर आहे. म्हणजे आठवडाभर वाळवंटात लोकांना "हेल्मेट घाला" म्हणून सांगायचं आणि गुरुवारी संध्याकाळी मस्कतला घरी येऊन घरच्यांना काहीतरी सांगायचं. घरात हेल्मेट कुणी घालत नाही, त्यामुळे मी गॅसची नळी, मिक्सरची वायर आणि बाल्कनीतल्या कुंड्या यांच्यावर समाधान मानतो. माझी बायको मुग्धा म्हणते, "आधी कळलं असतं, तर लग्नात अंतरपाट फायरप्रूफ आणला असता."

तर माझे बाबा. कोकणातल्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर इतिहास शिकवला. भूमध्य समुद्राचा नकाशा ते फळ्यावर न बघता काढायचे. इटलीचा बूट, ग्रीसची बोटं, खाली आफ्रिका, सगळं एका दमात. आणि तो समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्यांची पंचाहत्तरी आली तेव्हा मी ठरवलं की आता फळा पुरे. पुण्याच्या एका टूरवाल्यांची 'भूमध्य सांस्कृतिक सफर' होती. मोठं जहाज, सोबतीला सगळी मराठी ज्येष्ठ मंडळी, सकाळी जहाजावर व्याख्यान, दुपारी किनाऱ्यावरची देवळं आणि पडके खांब. आई-बाबा आधी आमच्याकडे मस्कतला येणार आणि इथून अथेन्सला जाऊन गटाला मिळणार, असं ठरलं.

मी मात्र जाऊ शकत नव्हतो. नेमकं तेव्हाच साइटवर देखभालीसाठी मशिनरी बंद ठेवण्याचं काम निघालं आणि त्या काळात सेफ्टीवाल्याला रजा मागणं म्हणजे नोकरी सोडण्याची सभ्य पद्धत असते. आई-बाबा एकटे जाणार, तेही पाण्यावरून. दोघंही समुद्राकाठी वाढलेली, पण पोहता एकालाही येत नाही. काळजी मला तेव्हाच लागली होती. मी ती कामाला लावली.

दोघांच्या गळ्यात एकेक शिट्टी घातली. बाबांसाठी भडक नारिंगी टोपी आणली.

"ही कशाला?" बाबा म्हणाले.

"गर्दीत दुरून दिसाल."

"मला गर्दी बघायची आहे. गर्दीनं मला बघायची गरज नाही."

"बाबा, टोपी घालायची. आणि कानातलं मशीन डेकवर जाताना काढून खिशात ठेवायचं. वाऱ्यानं उडालं तर?"

"मग मला ऐकू कसं येणार?"

"समुद्राचं काय ऐकायचंय?" मी म्हणालो. (हे वाक्य लक्षात ठेवा. माझ्या घरच्यांनी ठेवलेलं आहे.)

आईनं माझ्या सगळ्या सूचना मान डोलावून ऐकल्या आणि शेवटी स्वतःची एकच सांगितली. "मिलू, एक नारळ हवा रे. सोललेला, शेंडीवाला."

"बोटीवर नारळ?"

"परका समुद्र आहे. ओळख ना पाळख. त्याच्या पोटावरून जायचं, तर काहीतरी द्यायला नको?"

आईचं माहेर खाडीकाठचं. तिथे नवी होडी पाण्यात घालताना नारळ, पावसाळ्यानंतर पहिल्यांदा समुद्रात जाताना नारळ. मी तिला हसलो. आधुनिक जहाजाची बांधणी, रडार, लाइफबोटी यावर एक छोटं भाषणही दिलं. आईनं तेही मान डोलावून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी एकटाच गाडी काढून बौशरच्या दुकानात गेलो आणि कानाशी हलवून हलवून एक उत्तम नारळ घेतला. नुसता नारळ कसा द्यायचा, म्हणून खणही घेतला. दुकानात हिरवा होता, जांभळा होता. मी नारिंगी घेतला. सवयच आहे, दुरून दिसणारी वस्तू मला सुरक्षित वाटते. घरी येऊन नारळाला खण घट्ट गुंडाळला, वर गाठ मारली आणि आईच्या बॅगेत साड्यांच्या मधोमध ठेवला.

मुग्धा दारात उभी राहून बघत होती. "काल तर म्हणालास, रडार असतं."

"बॅकअप," मी म्हणालो.

आई-बाबा गेले. त्यांचं जहाज सुटल्यापासून मी फोनवर त्या जहाजाचा ठिपका बघायला लागलो. तसं ॲप असतं, जगातलं कुठलंही जहाज कुठे आहे ते नकाशावर दिसतं. साइटवर मीटिंग चालू असताना मी टेबलाखाली ठिपका बघायचो. सेफ्टीच्या भाषेत याला मॉनिटरिंग म्हणतात. मुग्धाच्या भाषेतला शब्द वेगळा आहे. आईचा रोज फोन यायचा. जेवण बरं आहे, बाबा खूश आहेत, खांब फार आहेत.

"नारळ दिलास का?" मी सहज विचारल्यासारखं विचारायचो.

"बंदरात पाणी घाण असतं रे. तेल तरंगत होतं. चांगलं पाणी लागलं की देते."

आणि मग तो शुक्रवार आला. सुट्टी, घरी जेवण, मटकीची उसळ. माझी मुलगी सई जेवता जेवता माझा फोन घेऊन बसली होती. सई इथल्या शाळेत शिकते. तिचं मराठी चांगलं आहे, फक्त ते रस्त्यात मध्येमध्ये थांबतं.

"बाबा," ती म्हणाली, "आजोबांचा डॉट यू-टर्न मारला."

"जहाज यू-टर्न मारत नाही."

"मारला ना. सी."

मी बघितलं. काल-परवापर्यंत शहाण्यासारखा एका रेषेत जाणारा ठिपका मागे वळला होता. आजूबाजूला बंदर नाही, बेट नाही, नुसतं निळं. आमच्या डोळ्यांदेखत तो थोडा मागे आला आणि जागच्या जागी घुटमळायला लागला.

मी आईला फोन लावला. उचलला नाही. बाबांना लावला. बाबांचा फोन नेहमीप्रमाणे बंद होता (बॅटरी वाचवतात. कशासाठी, ते विचारायचं नाही). टूरवाल्यांच्या पुण्याच्या ऑफिसात लावला, तर एका गोड आवाजानं सांगितलं की माझा कॉल महत्त्वाचा आहे, आणि सनई लावून दिली.

"अरे, काही दुरुस्ती असेल," मुग्धा म्हणाली. "वर फ्रान्सिसला विचार हवं तर."

फ्रान्सिस म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचा शेजारी, मूळचा वसईचा. आता मस्कतच्या हॉटेलात आहे, पण तरुणपणी जहाजावरच्या किचनमध्ये होता. तो बनियनवरच खाली आला, माझ्या फोनकडे डोळे बारीक करून बघितलं आणि खुर्ची ओढून बसला.

"मिलिंदभाय, टेन्शन घेऊ नको," तो म्हणाला. "मोठी बोट अशी मध्येच फिरवतात ना, त्याला दोनच कारणं असतात."

"कुठली?"

"एक म्हणजे माणूस पडला पाण्यात."

"आणि दुसरं?"

फ्रान्सिसनं बराच विचार केला. "दुसरं होतं काहीतरी. आता आठवत नाही."

तेवढ्यात टूरच्या ग्रुपवर मेसेज पडला. या ग्रुपवर प्रवासी आणि त्यांचे नातेवाईक असे सगळेच आहेत आणि एरवी त्यावर खांबांचे फोटो येतात. मेसेज नाशिकच्या एका बाईंचा होता. 'जहाजावरून कोणीतरी पाण्यात पडले आहे. लांबून नुसते डोके दिसते. डोक्यावर नारिंगी काहीतरी आहे. सर्वांनी प्रार्थना करावी.'

खाली हात जोडल्याच्या खुणांची रांग लागली.

नारिंगी. मी स्वतः दुकानात उभं राहून, दुरून दिसावी म्हणून निवडलेली टोपी. आणि ती खरंच दुरून दिसली होती. मी परत आईला फोन लावला आणि या वेळी तिनं उचलला. मागे भोंगे वाजत होते, इंग्रजीत कुणीतरी नावं पुकारत होतं.

"मिलू, नंतर बोलते रे," आई दबक्या आवाजात म्हणाली. "इथं कुणीतरी पडलंय बिचारं. सगळ्यांना वर आणून उभं केलंय, मोजतायत. आणि तुझे बाबा सापडत नाहीयेत."

"सापडत नाहीत म्हणजे?"

"खोलीत नाहीत, जेवणाच्या तिथं नाहीत. थांब, मी शिट्टी वाजवते." आणि शिट्टीचा असा काही आवाज आला की मी फोन कानापासून लांब धरला. पुन्हा कानाला लावला तेव्हा तो बंद झालेला होता.

पुढच्या वेळात मी काय काय केलं, ते मला नंतर मुग्धानं सांगितलं. मी अथेन्सचं तिकीट शोधलं. मग माझ्याकडे युरोपचा व्हिसा नाही हे लक्षात आलं. मग माझ्या ओमानी साहेबांना, सलीमना, फोन करून रजा मागितली. ते भले माणूस. "यल्ला, जा," म्हणाले, "इन्शाल्ला सगळं ठीक होईल. पण जाणार कसा?" हे मला कुठे माहीत होतं? मी त्यांना "खलास", म्हणजे अरबीत 'झालं, राहू दे', म्हणालो आणि फोन ठेवला. आणि या सगळ्यात कधीतरी मी माझे साइटवरचे सेफ्टी शूज घातले होते. पुढे लोखंड असलेले, नाड्या वगैरे नीट बांधून. का घातले, मला आजही सांगता येत नाही. मस्कतच्या फ्लॅटमध्ये माझ्या पायावर काय पडणार होतं? पण घाबरलो की माणूस आपल्या माहितीतलं काहीतरी करतो.

फ्रान्सिस धीर देत होता. "हल्ली लगेच वाचवतात रे. छोटी बोट सोडतात. पाणी पण तिथं एवढं थंड नसतं. थोडा वेळ माणूस टिकतो."

"थोडा म्हणजे किती?"

"ते माणसावर आहे. बाबांचं वय किती?"

"फ्रान्सिस, चहा घेणार का?" मुग्धानं जोरात विचारलं.

मी खरंच सांगतो, त्या क्षणी मला कशाचंही हसू येत नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे बाबा नव्हते, फळा होता. त्यावर खडूनं काढलेला तो समुद्र, आणि पुसल्यावरही मागे राहणारी त्याची पांढुरकी कड. मी त्यांना तिथे पाठवलं होतं. स्वतः गेलो नव्हतो, शिट्ट्या पाठवल्या होत्या. मी उठलो आणि स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"बूट!" मुग्धा मागून म्हणाली.

मी बूट काढले नाहीत, पण हात जोडले. कॉलेजपासून देवाशी माझं बोलणं जवळजवळ बंद होतं, त्यामुळे सुरुवात कशी करावी कळेना. शेवटी साइटवर बोलतो तसंच बोललो. बाबा सुखरूप मिळू देत, मी स्वतः कुरुमच्या किनाऱ्यावर जाऊन समुद्राला नारळ देईन. लगेच. विनाविलंब.

"बाबा," दारातून सईचा आवाज आला. ती रडवेली झाली होती आणि तिच्या हातात काहीतरी होतं. "आजोबांचा कॅप तर इथेच आहे."

नारिंगी टोपी. पाहुण्यांच्या खोलीत दारामागच्या खुंटीवर, टॉवेलच्या खाली व्यवस्थित लपवून ठेवलेली. बाबांनी ती नेलीच नव्हती.

मी ती टोपी हातात घेऊन उलटसुलट करून बघितली. म्हणजे पाण्यातलं डोकं बाबांचं नव्हतं.

"बघ, मी म्हणालो होतो, टेन्शन घेऊ नको," फ्रान्सिस म्हणाला. मग जरा थांबून, "पण मग बाबा बिनटोपीचे कुठं गेले?"

पण माझं डोकं आता दुसरीकडेच चालायला लागलं होतं. बाबांची टोपी इथे. मग तिथे नारिंगी काय? गोल, डोक्याएवढं, नारिंगी कापडात गुंडाळलेलं, वर गाठ मारलेलं, तरंगणारं. चांगलं पाणी लागलं की देते.

"मुग्धा," मी म्हणालो. "नारळ."

मुग्धानं माझ्याकडे बघितलं. मग टोपीकडे. मग ती ओट्याला टेकून अशी हसायला लागली की फ्रान्सिसला वाटलं, बाईंना धक्का सहन झाला नाही. त्यानं तिला पाणी आणून दिलं.

मी मात्र हसू शकत नव्हतो, कारण बाबा अजून सापडले नव्हते. नारळ पाण्यात होता हे खरं, पण बाबा कुठे होते? फोन वाजला तेव्हा मी तो दोन्ही हातांनी उचलला.

"मिलिंद?" बाबा होते. आवाज ठणठणीत. "अरे, तुझी आई म्हणते, तू काळजी करत होतास. कशाबद्दल?"

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते सईनं बघितलं आणि मग तीही रडली.

हकिकत अशी होती. सकाळच्या व्याख्यानाला आलेल्या पाहुण्या प्राध्यापकानं नकाशा दाखवला आणि तो बाबांना पटला नाही. व्याख्यान संपल्यावर बाबा त्या सभागृहात मागे थांबले आणि तिथल्या पांढऱ्या फळ्यावर त्यांनी आपला नकाशा काढायला घेतला. ते बघून पाच-सहा गोरे म्हातारे-म्हाताऱ्या पुन्हा बसले. बाबांनी त्यांना शिकवायला सुरुवात केली. सभागृहात जाण्याआधी ते डेकवर फिरून आले होते आणि माझ्या सांगण्याप्रमाणे मशीन खिशात होतं. त्यामुळे भोंगा वाजला तो त्यांना ऐकू आला नाही. ते फळ्याकडे तोंड करून आफ्रिकेचा किनारा काढत होते. वळून बघतात तो वर्ग रिकामा.

"मला वाटलं, कंटाळून गेले," बाबा म्हणाले. "नववीची मुलंही जायची. मी धडा पूर्ण केला."

जहाजावरच्या लोकांना ते सापडले तेव्हा ते रिकाम्या खुर्च्यांना प्रश्न विचारत होते.

मग आईनं फोन घेतला. आईचं मन मला वाटलं होतं त्यापेक्षा निर्मळ निघालं. कोण पडलंय याची तिला काहीच कल्पना नव्हती. सकाळी खोलीच्या गॅलरीतून तिनं हात जोडून नारळ सोडला आणि विषय संपला होता. पुढे सगळी धावपळ झाली तेव्हा ती त्या पडलेल्या अनोळखी जिवासाठी स्तोत्र म्हणत उभी होती. छोटी बोट परत येताना दिसली तेव्हा तिनं डोळे पुसले. मग बोटीतला खलाशी उभा राहिला आणि त्यानं ओल्या नारिंगी कापडातली वस्तू वर उचलून दाखवली.

"कॅप्टन स्वतः आला रे," आई म्हणाली. "उंच, गोरापान. रागावला नाही. दोन्ही हातांत नारळ धरून सगळ्यांना विचारलं, हा कुणाचा?"

"मग तू काय सांगितलंस?"

"खरं ते सांगितलं. म्हटलं, माय सन गिव्ह. सेफ्टी ऑफिसर. ओमान."

मी डोळे मिटून घेतले. फ्रान्सिसला तेवढ्यात दुसरं कारण आठवलं होतं, पण आता ते ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं.

सफर संपवून आई-बाबा मस्कतला परत आले. विमानतळावर मी बाबांना मिठी मारली, जी आमच्या घरात कुणी कुणाला मारत नाही. बाबा जरा गोंधळले आणि त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं, पेपरात बरे मार्क पडल्यावर थोपटायचे तसं. घरी आल्यावर आईनं बॅग उघडली आणि साड्यांच्या मधोमधून नारळ काढून माझ्यापुढे ठेवला. खण धुऊन वाळवून पुन्हा गुंडाळलेला होता.

"त्या समुद्रानं घेतला नाही," ती म्हणाली. "तू बोललायस म्हणे. मुग्धानं सांगितलं. आता तूच दे."

संध्याकाळी आम्ही सगळे कुरुमला गेलो. किनाऱ्यावर चालणारी माणसं, वाळूत फुटबॉल, पाण्यात गुडघ्यापर्यंत उतरलेली कुटुंबं. खण मी आईला परत केला होता. नारळ मात्र जपून नेला, आणि गाडीतून उतरताना त्याला एक लांब नायलॉनची दोरी बांधली.

आई बघतच राहिली. "मिलू, समुद्राला देताना दोरी बांधतात का रे?"

"कुणाला पुन्हा माणूस वाटला तर? लगेच ओढून घेता येईल."

मी गुडघाभर पाण्यात उतरलो आणि नारळ सोडला. एक लाट आली, तो थोडा पुढे गेला. मी दोरी धरून उभा होतो. दुसरी लाट आली, दोरी हाताला ताणली. बाबा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, पँट वर दुमडून, आणि कानात मशीन नीट घातलेलं.

"सोड आता," ते म्हणाले.

मी एकदा मागे बघितलं. आई वाळूत, मुग्धा आणि सई तिच्या शेजारी. बाबा इथे. मी दोरी सोडली. नारळ आपल्या वाटेनं निघाला, आणि मला फार बरं वाटलं. खरंच वाटलं, अगदी पाण्याबाहेर येईपर्यंत.

मग मी पळत पळत लाइफगार्डकडे गेलो आणि त्याला सांगून आलो की ते पाण्यात लांब गोल दिसतंय तो नारळ आहे, कुणाचं डोकं नाही, आमची माणसं मी मोजली आहेत, सगळी आहेत. त्यानं माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, माझ्या पायांतल्या भिजलेल्या सेफ्टी शूजकडे नीट बघितलं, आणि माझ्यावरची नजर न काढता वॉकीटॉकीवर कुणालातरी बोलावून घेतलं.